कलकत्त्याचा ठराव, नाशिकचा ठराव

मार्च १९४८. स्वातंत्र्याला सात महिने झाले होते, गांधीजींच्या हत्येला दोन महिनेही नव्हते. त्या एका महिन्यात देशातल्या डाव्या चळवळीने दोन निर्णय घेतले. कलकत्त्याला कम्युनिस्ट पक्षाचं दुसरं अधिवेशन फेब्रुवारीअखेर सुरू होऊन मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपलं. पी. सी. जोशींना बाजूला सारून बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि पक्षाने उठावाची वाट धरली: हे स्वातंत्र्य खोटं आहे, नेहरूंचं सरकार भांडवलदारांचं आहे, ते उलथवायचं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, तोवर काँग्रेसच्या आतच काम करणाऱ्या समाजवादी पक्षाची परिषद नाशिकला भरली. काँग्रेसने नुकतीच आपली घटना बदलून पक्षात दुसरा पक्ष चालवायला मनाई केली होती. विरघळून जा, नाहीतर बाहेर पडा, एवढंच समाजवाद्यांच्या हाती उरलं होतं. जयप्रकाश नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिकला ठरवलं की बाहेर पडायचं, उघड विरोधी पक्ष म्हणून उभं राहायचं आणि सत्ता लोकांकडे मतांतून मागायची.

समाजवाद आणि साम्यवाद यांत फरक काय, हा प्रश्न अभ्यासिकेतल्या मुलांपासून चहाच्या टपरीवरच्या वादापर्यंत सगळीकडे निघतो. उत्तर बहुतेक वेळा मात्रेचं मिळतं: समाजवाद म्हणजे थोडं डावं, साम्यवाद म्हणजे जास्त डावं, एक सौम्य, दुसरा जहाल. या उत्तराने काहीच कळत नाही. स्वीडनच्या समाजवाद्यांनी बहुतेक कारखाने खासगीच ठेवले आणि कर भरपूर घेतला. आपल्या देशात कम्युनिस्टांनी सरकारं चालवली आणि कुळांना जमिनीचे मालक केलं. मात्रेच्या पट्टीवर हे दोन्ही कुठे बसवायचे?

माझं म्हणणं असं की फरक तीन ठिकाणी तपासावा. वाटप कोणत्या मापाने होतं, मालकी कोणाची आणि कारभार कोणाचा, आणि कारभाऱ्याला लोक घरी बसवू शकतात का. तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. ती लावली तर दिसतं की भारतातले संसदीय कम्युनिस्ट १९५२ पासून कलकत्त्याच्या नव्हे, नाशिकच्या ठरावाच्या वाटेने चालत आले आहेत. ही गोष्ट त्यांनीही मोकळेपणाने मान्य करायला हवी आणि त्यांच्या विरोधकांनीही.

या दोन्ही प्रवाहांशी नाशिकचं नातं ठरावापुरतं नाही. श्रीपाद अमृत डांगे यांचा जन्म १८९९ साली निफाड तालुक्यातल्या करंजगावचा. इंग्रज सरकारने कम्युनिस्टांवर भरलेल्या कानपूर आणि मीरत या दोन्ही खटल्यांत शिक्षा झालेले भारतीय कम्युनिस्ट चळवळीचे ते एक संस्थापक. आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना शिजली ती १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात. जयप्रकाश, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे हे सविनय कायदेभंगातले कैदी तिथे मार्क्स वाचत होते आणि वाद घालत होते. पक्ष प्रत्यक्षात १९३४ च्या मे महिन्यात पाटण्याला आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली उभा राहिला. मार्क्स दोघांनीही वाचला होता. तरी वाटा फुटल्या, म्हणून आधी मार्क्सने काय म्हटलं होतं ते पाहायला हवं.

मार्क्सने 'समाजवाद' आणि 'साम्यवाद' हे दोन शब्द दोन व्यवस्थांची नावं म्हणून कधी काटेकोरपणे वापरले नाहीत. १८४८ च्या जाहीरनाम्याला 'कम्युनिस्ट' हे नाव का दिलं, ते मार्क्सचा सहलेखक एंगेल्सने पुढे सांगितलं आहे: त्या काळी समाजवाद ही मध्यमवर्गीय सुधारकांची चळवळ होती आणि साम्यवाद कामगारांची. नेमकी मांडणी आली १८७५ साली. जर्मन समाजवादी पक्षाच्या गोथा इथल्या कार्यक्रमावर मार्क्सने टिपणं लिहिली. कार्यक्रमात म्हटलं होतं की श्रमाचं पूर्ण फळ श्रमिकाला मिळालं पाहिजे. मार्क्स म्हणाला, पूर्ण फळ कधीच देता येणार नाही. आधी झिजलेली यंत्रं बदलायचा खर्च काढा, मग उत्पादन वाढवायचा, मग अपघात आणि नैसर्गिक संकटांसाठी राखीव निधी. उरलेल्यातून पुन्हा कारभाराचा खर्च, शाळा-दवाखान्यांसारख्या सामायिक गरजांचा खर्च आणि काम करू न शकणाऱ्यांचा सांभाळ. एवढ्या सहा वजावटी झाल्यावर जे राहील ते वाटायचं. समाजवाद म्हणजे 'सगळं वाटून टाकणं' असं समजणाऱ्याने ही सहा कलमं एकदा तरी नजरेखालून घालावीत. मोडीत निघालेल्या किती सहकारी संस्था पहिल्या तीन वजावटींकडे दुर्लक्ष केल्यामुळे बुडाल्या, हे साखरपट्ट्यात कुणालाही विचारावं.

आता जे उरलं ते कोणत्या मापाने वाटायचं? मार्क्सने दोन टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात जो जितकं काम करील तितकं त्याला. वरच्या टप्प्यात प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे. या पहिल्या टप्प्याला 'समाजवाद' हे नाव चिकटवलं ते १९१७ साली लेनिनने. त्यामुळे कम्युनिस्टांच्या परिभाषेत समाजवाद हे मधलं स्टेशन आणि साम्यवाद हे शेवटचं: वर्ग नाहीत, पैशाचं राज्य नाही, शेवटी राज्ययंत्रणाही गळून पडलेली. जगातला एकही देश आपण तिथे पोचलो असं कधी म्हणाला नाही. सोव्हिएत संघाच्या नावातला शब्द 'समाजवादी' होता. १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेतलं वाटपाचं सूत्र कामाप्रमाणे होतं, गरजेप्रमाणे नव्हे. १९६१ साली ख्रुश्चेव्हच्या पक्षाने जाहीर केलं की वीस वर्षांत साम्यवादाची उभारणी मुख्यतः पुरी होईल. १९८० उजाडण्याआधीच 'विकसित समाजवाद' असा नवा शब्द आला आणि ते वचन मागे पडलं. चीनचा पक्ष १९८७ पासून सांगतो की आपण समाजवादाच्या प्राथमिक टप्प्यात आहोत. तेव्हा 'साम्यवादी देश' या शब्दाचा अर्थ फार तर 'कम्युनिस्ट पक्षाच्या सत्तेखालचा देश' एवढाच घ्यावा.

कामाप्रमाणे आणि गरजेप्रमाणे या दोन मापांमधलं अंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत चांगलं दिसतं. सुरगाणा-पेठहून मजुरांच्या टोळ्या हंगामाला उतरतात. विरळणी, डिपिंग, गोडी छाटणी ही कामं बरीचशी उक्ती जातात, म्हणजे एकराचा भाव ठरतो आणि टोळी तो आपसात वाटते. समजा टोळीत दोघी आहेत. एकीचा हात चपळ, पाठीमागे कुणी नाही. दुसरीचं तान्हं मूल बांधावर झोळीत, दर दोन तासांनी तिला उठावं लागतं. झाडं मोजून पैसे वाटले तर पहिलीला जास्त मिळतील, आणि कामाच्या मापाने ते न्याय्यच आहे. पण खाणारी तोंडं दुसरीच्या घरी जास्त आहेत. मार्क्सने नेमकं हेच लिहिलं: एकच माप वेगवेगळ्या माणसांना लावलं की निकाल विषम येतो, एकाचं लग्न झालेलं असतं, दुसऱ्याचं नाही, एकाला मुलं जास्त असतात. कित्येक टोळ्या हा प्रश्न आपल्या परीने सोडवतात. हजेरी सारखी धरतात, मुलाच्या आईला हलकं काम देतात. मात्र अशी सवलत वीस ओळखीच्या माणसांत चालते. वीस कोटी अनोळखी माणसांत ती चालवायची तर कोणाची गरज किती हे कुणीतरी ठरवावं लागतं. ठरवणारा कोण, हा प्रश्न इथून सुरू होतो, आणि मार्क्सच्या टिपणात त्याचं उत्तर फार तोकडं आहे.

मालकीकडे येऊ. सरकारी मालकी म्हणजे समाजवाद, हा गैरसमज नाशिककरांनी तरी बाळगू नये. नाशिकरोडचा सरकारी छापखाना आणि नोटांचा कारखाना इंग्रजांनी १९२० च्या दशकात उभा केला. मालक सरकार, भांडवल सरकारचं, नफा सरकारचा. म्हणून इंग्रज सरकार समाजवादी ठरलं का? जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने प्रशियाची रेल्वे सरकारी केली तेव्हा काहींना तो समाजवाद वाटला होता. एंगेल्सने त्यांना सुनावलं की तंबाखूचा धंदा सरकारने घेणं हा समाजवाद असेल, तर नेपोलियन आणि ऑस्ट्रियाचा मेटरनिख यांनाही समाजवादाचे संस्थापक म्हणावं लागेल. याच बिस्मार्कने १८८३ साली कामगारांचा आजारविमा आणला, तोही समाजवाद्यांची हवा काढून घेण्यासाठी. त्यामुळे खात्यात पैसे जमा करणाऱ्या आजच्या योजनांनाही समाजवाद म्हणू नये. त्या कल्याणकारी आहेत आणि अनेक घरांना त्यांचा आधार आहे. पण कारखाना, जमीन, पाणी यांची मालकी त्यांनी तसूभरही हलत नाही.

ओझरचा विमान कारखाना १९६४ पासून सार्वजनिक क्षेत्रात आहे, सोव्हिएत परवान्याने मिग विमानं बांधण्यासाठी तो काढला गेला. कामगारांना तिथे संघटना मिळाली, कायम नोकरी आणि निवृत्तिवेतन मिळालं, एका पिढीचं आयुष्य सुधारलं. ते खरंच मोलाचं आहे. पण काय बांधायचं, किती बांधायचं, कारभारी कोण, यात कामगाराचं मत विचारलं जात नाही. मालकी सार्वजनिक, नियंत्रण दिल्लीचं. आपल्या संविधानाच्या ३९व्या अनुच्छेदात 'मालकी आणि नियंत्रण' असे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवलेले आहेत: समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि तिचं नियंत्रण सर्वांच्या हिताच्या दृष्टीने विभागलेलं असावं. घटनाकारांना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पक्कं ठाऊक होतं.

मालकी सरकारची झाली की समाजाची होते, हे गणित कसं चुकतं याचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका दाखला शेती महामंडळाचा. खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या हजारो एकर जमिनी होत्या. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ साली त्या कसायला महामंडळ काढलं. आपल्या जिल्ह्यातला रावळगावचा मळा त्यातलाच. कागदावर हे सोव्हिएत धाटणीचं सरकारी शेत होतं: सलग जमीन, पगारी मजूर, नेमलेला व्यवस्थापक. आणि अशा शेतांचा सगळीकडे होणारा आजार त्यालाही जडला. पाण्याची पाळी, खताचा डोस, तोडणीचा दिवस हे निर्णय शेतात उभं राहून तासाभरात घ्यायचे असतात. इथे ते मंजुरीच्या फायलीतून यायचे. पीक गेलं तर व्यवस्थापकाचं काही जात नाही आणि पीक आलं तर मजुराला काही मिळत नाही. तोटा साचत गेला, जमिनी पडीक पडू लागल्या. तेव्हा ज्यांच्या बापजाद्यांच्या जमिनी कंपन्यांकडे गेल्या होत्या त्या खंडकरी शेतकऱ्यांनी लढा उभारला आणि २०१२ पासून जमिनी परत मिळू लागल्या. या लढ्याच्या आघाडीवर होते मनमाडचे कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड. सरकारी शेत मोडून जमीन शेतकऱ्याच्या नावावर करा, ही मागणी लाल बावट्याखाली झाली! ज्याला साम्यवाद म्हणजे केवळ 'सरकारजमा' असं वाटतं त्याने या लढ्याचा अभ्यास करावा.

मग समाजाची मालकी दिसते तरी कशी? त्यासाठी दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात जावं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, त्यात बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, १९९० च्या आसपास शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था बांधायला सुरुवात केली. पुढे सगळ्या लाभक्षेत्रात अशा २४ संस्था झाल्या आणि संपूर्ण प्रकल्पाचं पाणी त्यांचा संघ सांभाळू लागला. उपाध्ये समाजवादी घडणीचे. पद्धत साधी पण काटेकोर आहे. धरण सरकारचं राहतं. संस्थेच्या वाट्याचं पाणी चारीच्या तोंडाशी घनमापनाने मोजून मिळतं, म्हणजे एकराप्रमाणे नव्हे तर घनमीटरप्रमाणे आकार. तिथून पुढे पाळी लावणं, पाटकरी नेमणं, पट्टी गोळा करणं, चारीतला गाळ काढणं हे संस्थेचं काम. २००५ च्या कायद्याने संचालक मंडळात शीर, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांचे शेतकरी असावे लागतात. कारण भांडण नेहमी तिथेच होतं: शिराचा शेतकरी दार उघडं ठेवतो आणि शेपटाला पाणी पोचत नाही. शेपटाचा माणूस हिशेब मांडायला बसला की गळती कुठे होते ते आपोआप बाहेर येतं.

बिघडतं तेही सांगायला हवं. मापनयंत्र मोडलं आणि दुरुस्तीला महिने लागले की पुन्हा अंदाजपंचे वाटप सुरू होतं. द्राक्षबागांना ठिबकने रोज थोडं पाणी लागतं आणि कालव्याचं आवर्तन महिन्या-दीड महिन्यानी येतं, म्हणून ज्याच्याकडे विहीर आणि शेततळं आहे त्याची संस्थेवरची भिस्त कमी होते. बैठकीला यायचं तो सोडतो. आणि सर्वांत मोठी त्रुटी अशी की मत जमिनीवर मिळतं. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यावर मत नाही. सहकारी साखर कारखान्यातही तेच. एक सभासद एक मत हे तत्त्व सुंदर आहे, पण ऊसतोड कामगार सभासद नसतो. हा समाजवाद मालकांमधला समाजवाद आहे. इथे कम्युनिस्टांची टीका बिनतोड लागू पडते: सहकार बांधलात, चांगलं केलंत, पण शेतमजूर कुठे आहे? दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच प्रश्नावर.

डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाचं स्वतःचं उत्तर १९४७ साली घटना समितीपुढे ठेवलं होतं. पायाभूत उद्योग राज्याचे, विमा राज्याचा, शेती हा राज्याचा उद्योग. जमीन ठरावीक आकाराच्या शेतांत विभागून गावकऱ्यांना जातपात न पाहता सामूहिक कसायला द्यायची, म्हणजे जमीनदारही नाही, कूळही नाही, भूमिहीन मजूरही नाही. आणि हे सगळं हुकूमशाहीशिवाय, संसदीय लोकशाहीत, संविधानातच लिहून. पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटना समितीचे सदस्य के. टी. शहा यांनी संविधानात 'समाजवादी' शब्द घालायची सूचना आणली तेव्हा आंबेडकरांनीच ती नाकारली. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळाप्रमाणे स्वतः ठरवायचं आहे. संविधानात ते बांधून टाकणं म्हणजे लोकशाहीच नष्ट करणं, असं ते म्हणाले. दोन वर्षांत भूमिका बदलली असं कुणी म्हणेल. मला ती एका माणसाची प्रामाणिक ओढाताण वाटते: न्याय लवकर हवा, आणि लोकांचा निवडीचा हक्कही अबाधित हवा. तो शब्द सरनाम्यात शेवटी आला १९७६ साली, ४२व्या दुरुस्तीने, आणीबाणीत. जयप्रकाशांपासून मधू लिमयांपर्यंत कितीतरी समाजवाद्यांना त्या आणीबाणीत तुरुंग पाहावा लागला होता.

तिसरी तपासणी इथेच येते. १९२० साली कम्युनिस्ट इंटरनॅशनलने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोतल्या संघटनेने, प्रवेशासाठी २१ अटी घातल्या. पक्षाचं नाव कम्युनिस्ट हवं, मॉस्कोचे निर्णय बंधनकारक, सुधारणावाद्यांना पक्षाबाहेर काढा. जगभरच्या समाजवादी पक्षांत उभी फूट पडली ती तेव्हा. मालकीबद्दल दोघांचं फारसं दुमत नव्हतं, ब्रिटनच्या मजूर पक्षाने १९१८ सालीच उत्पादनसाधनांची सामायिक मालकी हे ध्येय घटनेत लिहिलं होतं. दुमत होतं ते एकदा सत्ता मिळाल्यावर विरोधी पक्ष, स्वतंत्र वृत्तपत्र आणि पुढची निवडणूक यांचं काय करायचं यावर.

याचं उत्तर पुस्तकी राहिलं नाही. १९५८ साली चीनमध्ये कम्यून झाले, घरच्या चुली विझवून सामुदायिक भोजनालयं सुरू झाली. गरजेप्रमाणे जेवण, साम्यवादाची पहिली पायरी म्हणून त्याचा गौरव झाला. मग काय झालं ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे. वरून पिकाचं लक्ष्य आलं. गावच्या कार्यकर्त्याने लक्ष्य गाठल्याचा फुगवलेला आकडा पाठवला, कारण खरा आकडा सांगणारा 'उजवा' ठरत होता. सरकारने त्या फुगवलेल्या आकड्यावर आपला धान्याचा वाटा ठरवला आणि उचलला. गावात उरलं ते खायला पुरलं नाही. खोटा आकडा छापणाऱ्या वृत्तपत्राला खोटं म्हणणारं दुसरं वृत्तपत्र नव्हतं, विधिमंडळात उठून विचारणारा आमदार नव्हता. पुढच्या तीन वर्षांत कोट्यवधी माणसं भुकेने मेली. सोव्हिएत युक्रेन आणि कझाकस्तानात १९३२-३३ साली सक्तीच्या सामूहिकीकरणानंतर असंच घडलं होतं. वाटपाचं सूत्र उदात्त होतं. चूक दाखवणाऱ्याला जागा नव्हती. उलट बाजूला ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला दवाखाना सगळ्यांना मोफत केला, म्हणजे एका क्षेत्रापुरतं गरजेप्रमाणे वाटपच, आणि ते करणारं सरकार १९५१ साली निवडणुकीत हरून शांतपणे पायउतार झालं. दवाखाने राहिले.

भारतातल्या कम्युनिस्टांनी १९५१ साली तेलंगणचा सशस्त्र लढा मागे घेतला आणि पहिली निवडणूक लढवली. लोकसभेत त्यांना १६ जागा मिळाल्या, समाजवाद्यांना १२. मतं मात्र समाजवाद्यांना तिपटीहून जास्त होती. १९५७ साली केरळात नंबुद्रिपाद यांचं सरकार मतपेटीतून आलं आणि १९५९ ला दिल्लीने बरखास्त केलं. त्यांनी शस्त्र उचललं नाही, पुन्हा मतं मागितली. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून 'ऑपरेशन बर्गा'मध्ये बटईदारांची नोंद झाली, जमीनमालक मालकच राहिला. सलग ३४ वर्षांच्या सत्तेनंतर, २०११ साली, लोकांनी हरवलं आणि पक्ष खुर्ची सोडून विरोधी बाकांवर बसला. यातलं सामूहिक शेत कुठे आहे? पक्षाची हुकूमशाही कुठे आहे? हे सगळं नाशिकच्या ठरावात बसतं.

तरीही दोघांना एक म्हणून मोकळं होता येणार नाही, कारण घडण वेगळी राहिली. कम्युनिस्ट पक्षात 'लोकशाही केंद्रीकरण' चालतं: निर्णय होईपर्यंत वाद घाला, झाल्यावर अल्पमताने बाहेर तोंड उघडायचं नाही. १९९६ साली पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंना पंतप्रधानपद चालून आलं, केंद्रीय समितीने नाही म्हटलं, त्यांनी मानलं आणि नंतर त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं. समाजवाद्यांनी असा आदेश कधी मानला नसता. म्हणूनच ते १९५२, १९५५, १९६४ असे जुळत-फुटत गेले आणि १९७७ ला जनता पक्षात विरघळले. मालेगावात निहाल अहमद यांच्यासारख्यांनी समाजवादी झेंडा दीर्घकाळ उंच ठेवला, पण तो बराचसा व्यक्तीच्या बळावर. सुरगाण्यात लाल बावटा टिकला तो गावोगावच्या शाखांवर. आणि शिस्तीची दुसरी बाजू: १९७५ ला भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला, शिस्तीत. १९६४ साली त्या पक्षातून फुटून निघालेल्या मार्क्सवादी कम्युनिस्टांनी दिला नाही, ही त्यांची जमेची बाजू आहे.

एक आक्षेप नाशिकमध्ये टाळता येणार नाही. १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात शरद जोशींच्या मागे गेलेला शेतकरी म्हणेल, तुमचा समाजवाद डावा असो की लोकशाहीवादी, तो शहरातल्या ग्राहकासाठी आमचा भाव पाडतो. यात इतिहास आहे. १९२० च्या दशकात सोव्हिएत अर्थतज्ज्ञ प्रिओब्राझेन्स्कीने उघड मांडलं की कारखाने उभारायचं भांडवल शेतीमालाच्या किमती दाबूनच काढावं लागेल. त्याच पक्षाचा नेता बुखारिनने विरोध केला, आणि स्टालिनने पुढे किमतीऐवजी सक्ती वापरली. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा लासलगावच्या बाजारात हाच राग होता. पण निर्यातबंदीला समाजवाद म्हणणं मला पटत नाही. चाळीतला कांदा शेतकऱ्याचा, वजन घटण्याचा आणि कोंब फुटण्याचा धोका त्याचा, कर्ज त्याचं; सरकारने फक्त भावाचा हक्क काढून घेतला. मालकी न घेता नियंत्रण घेतलं. वाघाडच्या शेतकऱ्याला पाणीपट्टीवर जितका बोलायचा हक्क आहे तितका लासलगावच्या शेतकऱ्याला निर्यात धोरणावर मिळाला, तर त्याला समाजवाद म्हणता येईल.

६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून मार्क्सवादी कम्युनिस्टांशी जोडलेल्या किसान सभेचा मोर्चा निघाला. कसारा घाट उतरून सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला तो मुंबईच्या आझाद मैदानात पोचला. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतच चालला. हजारो लाल टोप्या होत्या, आणि मुख्य मागण्यांत एक होती वनहक्क कायद्याची नीट अंमलबजावणी. हा कायदा डिसेंबर २००६ चा, संसदेने केलेला, तेव्हाचं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करायचा, किमान दोन पुरावे जोडायचे, समिती शेतावर येऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. अडतं ते मोजणीत. प्रत्यक्ष कसलेली दोन एकर असते आणि पट्ट्यावर काही गुंठे उतरतात. दुसरं अडतं सातबाऱ्यावर: नाव कब्जेदार म्हणून लागत नाही, इतर हक्कात टाकलं जातं, आणि मग पीककर्ज मिळवताना अडचण येते. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून पुन्हा निघालेल्या मोर्चातही ही मागणी होती.

या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं असतात. तो वारसाने मुलाला मिळतो, पण विकता येत नाही, सावकाराच्या नावावर करता येत नाही. जमीन सरकारची आहे असंही म्हणता येत नाही, कारण सरकारला ती मनात येईल तेव्हा काढून घेता येत नाही. याच कायद्यात सामूहिक हक्काचा वेगळा अर्ज आहे. तो मंजूर झाला की जंगलातला बांबू, मोह, चराई यांचा कारभार ग्रामसभेकडे येतो आणि त्या ग्रामसभेत ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्यालाही मत असतं. वैयक्तिक दाव्यांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच फेरीत हा अर्जही भरून घ्यावा.